होडी शर्यतीच्या मध्यातच ऐकेनाशी होते? आधी रिसीव्हरपाशी व्होल्ट मोजा

गेल्या हिवाळ्यात सलग चार रविवार माझी रिमोटवर चालणारी शिडाची होडी एकाच तऱ्हेने हातची गेली. सकाळच्या तीन-चार शर्यती बिनतक्रार व्हायच्या. बाराच्या सुमारास वारा चढला, की वाऱ्याकडच्या बोयापाशी वळायला मी रिमोटची स्टिक ढकलायची आणि होडी ढिम्म. शिडं घट्ट ओढलेली, सुकाणू होतं तिथेच, आणि एक मीटर लांबीची, चार किलोची ती होडी सरळ दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर. पाच-सहा सेकंदांनी पुन्हा आपोआप ऐकायला लागायची, जणू काही घडलंच नाही.

पण तेवढ्या वेळात शर्यत गेलेली असते. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेच्या शर्यतीच्या नियमांत रेडिओवर चालणाऱ्या होड्यांसाठी वेगळं परिशिष्ट आहे, परिशिष्ट ई. ताबा सुटला की आपला शिडावरचा क्रमांक आणि ‘आउट ऑफ कंट्रोल’ हे शब्द लगेच ओरडून सांगायचे आणि त्या शर्यतीतून बाहेर पडायचं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. नंतर होडी सुतासारखी सरळ चालली तरी उपयोग नाही. बाकीच्यांसाठी ती फक्त एक अडथळा, तिला चुकवून जायचं. चार रविवार काठावर उभं राहून स्वतःचाच क्रमांक ओरडताना मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटलं ते माझ्यामुळे दुसऱ्याच्या होडीला ओरखडा पडला तेव्हा.

हे सगळं इंग्लंडमधल्या एका तळ्यावरचं. इथले क्लब हिवाळाभर शर्यती घेतात. थंडीत पाणवनस्पती मरतात, त्यामुळे होडीच्या तळाखालच्या फिनला शेवाळाचे झुबके अडकत नाहीत आणि वाराही चांगला असतो. माझी होडी इंटरनॅशनल वन मीटर वर्गातली, सगळे तिला आयओएम म्हणतात. पण पुढे जे लिहितेय ते शिडाच्या कुठल्याही रेडिओ होडीला लागू पडेल, पेन्सिल सेलवर चालणाऱ्या लहान किटलासुद्धा.

चार रविवारांत मी काय काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. नवा रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा होडीतला भाग, घेतला. रिमोटचे सेल बदलले. रिसीव्हरची अँटेना दोनदा हलवली. काठावर ज्याला विचारावं तो एकच शब्द सांगायचा: रेंज. आणि दर वेळी होडी बाहेर काढून गवतावर ठेवली, की सुकाणू डावीकडे-उजवीकडे छान हलायचं, शिडं आत-बाहेर व्हायची. बिघाड असा नव्हताच कुठे.

बिघाड होता, पण तो फक्त ओझं पडल्यावर दिसणारा होता. गवतावर शिडांत वारा नसतो, त्यामुळे शिडांच्या दोऱ्या ओढणाऱ्या विंचला जोर लावावा लागत नाही. जोर नाही तर करंट नाही, आणि करंट नाही तर अशक्त वायर, कळकलेला स्विच, दमलेली बॅटरी सगळेच ठणठणीत वाटतात. या प्रकारचा दोष शोधायचा तर काठावरच होडीवर ओझं टाकावं लागतं. बाकी सगळा तपशील आहे, पण तो महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी वीज कुठून कुठे जाते ते बघा

आयओएममध्ये दोनच गोष्टी रिमोटवर चालतात, सुकाणू आणि शिडांच्या दोऱ्या. सुकाणूला साधा सर्व्हो, म्हणजे सिग्नलप्रमाणे दांडी फिरवणारी छोटी मोटर, पुरतो. शिडांच्या दोऱ्या ओढायला विंच असते: छोटी मोटर, तिला दातेरी चक्रं, आणि त्यावर अनेक फेरे घेणारं रीळ. लहान होड्यांत विंचऐवजी लांब दांडीचा सर्व्हो असतो. सुकाणूचा सर्व्हो किरकोळ करंट खातो. विंच मात्र जोर लावताना काही अँपिअर सहज ओढते, आणि अडून थांबली तर सगळ्यात जास्त ओढते.

माझ्या होडीत बॅटरीची वायर स्विचमधून रिसीव्हरमध्ये, आणि तिथून विंचला वीज, अशी साखळी होती. म्हणजे विंचचा सगळा करंट त्या इवल्याशा स्विचमधून आणि केसासारख्या वायरमधून वाहायचा. वाटेत जे काही व्होल्ट गळतील ते रिसीव्हरच्याही वाट्याचे गळायचे. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये छोटा संगणकच असतो. बरेच रिसीव्हर साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली गेले की बंद पडतात, आणि व्होल्ट परत आले की पहिल्यापासून सुरू होऊन रिमोटला शोधतात. तेच माझे पाच-सहा सेकंद.

ताबा सुटला म्हणजे नेमकं काय झालं?

‘होडी मेली’ एवढं सांगून काही कळत नाही. कशी मेली ते बघा. यासाठी फेलसेफ कामाला लावा. सिग्नल तुटला तर सर्व्होंनी कुठे जाऊन थांबायचं, हे बहुतेक रिसीव्हरांत आधी ठरवून ठेवता येतं. सरावाच्या दिवशी फेलसेफ असं लावा: शिडं पूर्ण सैल, सुकाणू एका बाजूला थोडं वळलेलं. मग होडी पाण्यात सोडा आणि बिघाडाची वाट बघा.

ताबा सुटताच शिडं सुटून मोकळी झाली आणि होडी गोल फिरायला लागली, तर रिसीव्हर जिवंत आहे, त्याला रिमोट ऐकू येत नाहीये. हा खरा रेंजचा प्रश्न. शिडं आणि सुकाणू दोन्ही होते तिथेच गोठले, तर वीज गेली. गोठले आणि मग एकदम झटका देऊन सुरू झाले, तर वीज क्षणभर खाली जाऊन परत आली. सुकाणू ऐकतंय पण शिडं ऐकत नाहीत, किंवा उलट, तर फक्त त्या एका सर्व्होत किंवा त्याच्या वायरीत दोष आहे. सुकाणू आपोआप थरथरत असेल तर बहुतेक सर्व्होच्या आत पाणी शिरलंय.

एक सावधगिरी. वीज गेल्यावर काही विंचा शिडाच्या ओढीने उलट्या फिरतात आणि शिडं हळूहळू सैल होत जातात. ते बघून फेलसेफ लागला असं वाटू शकतं. म्हणून साक्ष सुकाणूची घ्या.

माझी होडी गोठायची. म्हणजे अँटेनाशी मी केलेल्या सगळ्या खटपटी फुकट होत्या, आणि हे पहिल्याच रविवारी दहा मिनिटांत कळू शकलं असतं.

काठावर ओझं टाकून मोजणी

क्लबात ऐंशी पार केलेले एक गृहस्थ आहेत. २७ आणि ४० मेगाहर्ट्झच्या काळापासून शर्यती खेळतात. तेव्हा प्रत्येकाच्या रेडिओत फ्रिक्वेन्सी ठरवणारं वेगळं क्रिस्टल असे, आणि आपल्या फ्रिक्वेन्सीची खुंटी फळ्यावरून उचलल्याशिवाय रिमोट चालू करायची बंदी असे. त्यांना मी मनात आजोबाच म्हणते. चौथ्या रविवारी मी मल्टिमीटर बॅटरीला लावून ‘५.३ दाखवतोय, भरपूर आहे’ म्हणत होते, तेव्हा ते शेजारी येऊन वाकले. म्हणाले, “बॅटरीपाशी नको मोजूस. रिसीव्हरपाशी मोज. आणि होडीला काम करायला लाव.”

त्यांनी काय केलं ते जवळून सांगते. रिसीव्हरवर एक मोकळं चॅनेल, म्हणजे सर्व्होची वायर खोचायची जागा, होतं. जुन्या सर्व्होची तुटकी वायर त्यात खोचली आणि तिच्या लाल-काळ्या टोकांना मीटर लावला. आकडा ५.२. मला स्टिक आत ओढायला सांगितली आणि त्यांनी मोठ्या शिडाचा बूम, म्हणजे शिडाखालची आडवी दांडी, मुठीत धरला, वाऱ्याने धरावा तसा. विंच कण्हली. मीटरवरचा आकडा ५.२ वरून ४.१ आणि मग ३.५. त्यांनी मूठ सोडली, आकडा परत ५.२. दोन सेकंदांचा खेळ. माझे चार रविवार त्या दोन सेकंदांत होते.

हे घरी करताना दोन गोष्टी सांभाळा. विंच दोन सेकंदांच्या वर अडवून धरू नका, मोटर तापते. आणि साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे अगदी छोटी घसरण त्याला दिसत नाही. मीटरवर किमान आकडा धरून ठेवायचं बटण असेल तर ते वापरा.

मग घसरण कुठे होते ते शोधायचं. विंच अडवलेली असताना मीटरची दोन टोकं एकेका तुकड्याच्या दोन्ही बाजूंना लावत जायचं. चांगल्या तुकड्यावर जवळजवळ शून्य दिसतं. माझ्या होडीत बॅटरीच्या टोकांवर ओझ्याखाली ४.८ व्होल्ट होते आणि रिसीव्हरपाशी ३.५. वाटेत १.३ व्होल्ट गायब. त्यातले ०.८ एकट्या स्विचवर, ०.४ बॅटरीच्या काळ्या वायरीवर, उरलेला ०.१ प्लग आणि लाल वायर मिळून. विंच तेव्हा सुमारे ३ अँपिअर ओढत होती. म्हणजे सगळ्या वाटेत विजेला होणारा अडसर (रेझिस्टन्स) अर्ध्या ओहमपेक्षाही कमी होता. साध्या मीटरच्या ओहम पट्टीवर एवढा आकडा धड कळतही नाही, म्हणून ‘मी कंटिन्युइटी, म्हणजे वायर अखंड आहे का ते, तपासली, बीप वाजतो’ हे उत्तर इथे चालत नाही. बीप वाजतोच. मीटर मिलिअँपिअर पाठवून बघतो, विंच अँपिअर मागते.

आणि सकाळी चार शर्यती का चालायच्या, याचंही उत्तर यात आहे. सकाळी बॅटरी ताजी, ओझ्याखाली ४.८ देणारी, त्यामुळे रिसीव्हर ३.५ वर कसाबसा तग धरायचा. दुपारपर्यंत बॅटरी निम्मी, गारठलेली, ओझ्याखाली ४.५ वर आलेली. त्यातून १.३ गेले की ३.२. तिथे रिसीव्हर मरणारच. माझी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड सेलची होती, आणि अशा सेलचा आतला अडसर थंडीत वाढतो. घरात, गरम खोलीत केलेली चाचणी म्हणूनही फसवते.

पण विंच अडत का होती?

माझ्या मते बहुतेक जण इथेच चुकतात, म्हणून जरा थांबते.

स्विच आणि वायर बदलून मी थांबले असते तर होडी काही महिने चालली असती आणि मग पुन्हा तेच झालं असतं. आजोबांनी मूठ धरलेली नसतानाही, स्टिक पूर्ण आत असताना माझी विंच बारीक गुणगुणत होती. मला तो आवाज इतका सवयीचा झाला होता की ऐकूच येत नव्हता. ती गुणगुण म्हणजे विंचला अजून आत जायचंय पण दोरीची गाठ कप्पीला अडलीय, किंवा बूम मधोमध येऊन आणखी ओढायला काही उरलेलंच नाही. विंच थांबलेली दिसते, पण सगळा जोर लावून थांबलेली असते.

वाऱ्याकडे चढताना शिडं सतत आतच असतात. म्हणजे प्रत्येक शर्यतीचा अर्धाअधिक वेळ माझी विंच भिंतीला डोकं लावून उभी होती. बॅटरी दुपारीच का संपायची ते आलं लक्षात?

त्यात माझ्या हाताची एक सवय. वारा वाढला की बूम अजून किंचित आत हवा म्हणून मी शिडांच्या स्टिकशेजारचं ट्रिम, म्हणजे बारीक फरक करायचं बटण, दोन टिचक्या आत सरकवायचे. विंचने कुठवर ओढायचं तो शेवटचा टप्पा काठावर बरोबर लावलेला असला तरी ट्रिमने तो पुढे सरकतो, आणि विंच पुन्हा अडते. वारा वाढला की ताबा सुटायचा याचं हे दुसरं कारण. वाऱ्याच्या जोराइतकाच माझा अंगठाही त्याला जबाबदार होता.

उपाय सोपा आहे. रिमोटमध्ये प्रत्येक चॅनेलचा शेवटचा टप्पा ठरवायची सोय असते, एंड पॉइंट किंवा ट्रॅव्हल या नावाने. ट्रिम आत, जास्तीत जास्त जिथपर्यंत तुम्ही शर्यतीत न्याल तिथे ठेवा. स्टिक पूर्ण आत ओढा. कान डेकला लावा. गुणगुण ऐकू आली तर टप्पा एकेक अंकाने कमी करत जा, पूर्ण शांतता होईपर्यंत. मग बूम जितका आत हवा तितका आणायचं काम विंचवर न सोपवता शिडाच्या दोरीवर सोपवा, दोरीची लांबी जुळवायच्या छोट्या गोटीने. हेच दुसऱ्या टोकाला, शिडं पूर्ण सैल असतानाही करा. तिथेही दोरीची गाठ कप्पीवर आदळून विंच अडते, पण त्या बाजूला लक्ष जात नाही.

दोरी पाण्यात भिजली की तिची लांबी किंचित बदलू शकते. म्हणून ही जुळणी होडी एकदा पाण्यात फिरवून आणल्यावर पुन्हा ऐकून घ्या.

काळी वायर, कळकलेला स्विच

काळ्या वायरीवरचे ०.४ व्होल्ट मला कोड्यात टाकणारे होते. वरून वायर नवीकोरी. प्लगपासून इंचभर आवरण सोललं तर आतलं तांबं कोळशासारखं काळं. अजून इंचभर सोललं, तिथेही काळं. ओलावा आणि बॅटरीतून झिरपणारा क्षार यांमुळे ऋण बाजूची वायर अशी आतून सडत जाते. होडी, विमानं, गाड्या, रेडिओ मॉडेल चालवणाऱ्या सगळ्यांना हा रोग माहीत असतो. असल्या तांब्याला सोल्डरही धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, आणि लागलंच नाही तर बॅटरीपासूनची सगळी वायर बदला. मी बदलली, जाड आणि शक्य तेवढी आखूड.

स्विच मी उघडून बघितला. आतल्या पट्ट्यांवर हिरवा कळंक, पितळेच्या भांड्यावर चढतो तसाच. त्या जागी मी दुसरा स्विच लावलाच नाही. आता बॅटरीचा प्लग हाच माझा स्विच: लावला की चालू, काढला की बंद. क्लबातल्या अनेकांनी हेच केलंय. प्लगच्या आत पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवते, म्हणजे ओलावा आत जात नाही.

विंचला मी बॅटरीपासून सरळ स्वतंत्र वायर दिली आणि रिसीव्हरला वेगळी. विंचच्या वायरीत कितीही गळती झाली तरी आता ती रिसीव्हरच्या वाट्याची नसते. तुमची विंच हे मान्य करते का ते तिच्या माहितीपत्रकात बघा. काही विंचांना बॅटरीची स्वतःची वायर असतेच.

पेन्सिल सेलच्या डब्यावर चालणाऱ्या होड्यांत हाच दोष डब्याच्या स्प्रिंगांत असतो. चार सेल म्हणजे आठ ठिकाणी धातूला धातू फक्त टेकलेला. बारीक पॉलिश पेपरने स्प्रिंग आणि पट्ट्या घासून घ्या, आणि जमलं तर सोल्डर केलेला तयार पॅक वापरा.

रिसीव्हरच्या मोकळ्या चॅनेलमध्ये मोठा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, लावा, असा सल्ला मिळतो. लावायला हरकत नाही, पण हिशेब करून बघा. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ३ अँपिअरची ओढ: एक व्होल्ट घसरायला सुमारे दीड मिलिसेकंद लागेल. विंच दोन सेकंद अडून बसली तर तो काय करणार? सर्व्हो दचकून सुरू होतानाच्या क्षणिक घसरणीला तो चांगला आहे, बाकी रोग तो झाकूही शकत नाही.

बॅटरीही मी बदलली. आयओएमचं वजन किमान ४ किलो असावंच लागतं, आणि हलकी झालेली होडी शिशाचे तुकडे ठेवून त्या वजनाला आणतात. मग ३० ग्रॅम वाचवायला छोटी बॅटरी आणि वजन भरायला शिसं, यात अर्थ काय? त्याऐवजी मोठ्या क्षमतेची बॅटरी ठेवा. मी चार सेलच्या ४.८ व्होल्टवरून दोन सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेटवर गेले, ६.६ व्होल्ट. ती बराच वेळ आपला व्होल्टेज टिकवते. पण आधी विंच आणि सुकाणूचा सर्व्हो किती व्होल्ट सोसतात ते वाचा. बरेच साधे सर्व्हो ६ व्होल्टपर्यंतचेच असतात, आणि ही बॅटरी पूर्ण चार्ज झाल्या झाल्या ७ च्या वर असते. चार्जरही त्या जातीच्या सेलचाच लागतो.

पाणी आत येतंच, ते कुठून येतं?

कळंक चढला म्हणजे ओलावा होता. माझ्या होडीत शर्यतींच्या दिवसअखेर चमचा-दोन चमचे पाणी निघायचं आणि मी ते स्पंजने टिपून विसरून जायचे. किती पाणी येतं ते मोजा. पाण्यात सोडण्याआधी कोरडी होडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन लिहा, बाहेर आल्यावर बाहेरून पुसून, शिडं वाळवून पुन्हा ठेवा. एक ग्रॅम वाढला म्हणजे एक मिलिलिटर पाणी. दोन शर्यतींनंतर पाच ग्रॅम वाढत असतील तर कुठेतरी भोक आहे.

भोक शोधायला पाणी काढायच्या मागच्या बुचाच्या जागी रबरी नळी बसवून हलकेच फुंका आणि डेकच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे गळतंय. जोरात फुंकू नका, डेकचा सांधा उकलेल. माझ्याकडे बुडबुडे आले ते सुकाणूच्या दांड्याच्या नळीतून. ती ग्रीसने भरली आणि पाणी निम्म्यावर आलं. उरलेलं येत होतं डेकवरची उघडी जागा झाकणाऱ्या चिकट कापडी पट्टीखालून. ती पट्टी दर शर्यतीच्या दिवशी नवी लावायची, जुनी पुन्हा दाबून बसवायची नाही. ओल्या डेकवर ती धरत नाही, म्हणून घरूनच लावून निघते.

रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधायची जुनी पद्धत आहे. मी ती सोडली. थंडीत आतली हवा निवते, तिच्यातला ओलावा रिसीव्हरवरच दव होऊन बसतो आणि बाहेर पडायला वाट नसते. आता रिसीव्हर झाकणाच्या डब्यात, तळापासून वर, मोकळा ठेवते. घरी आल्यावर झाकण आणि बूच काढून होडी रात्रभर उघडी ठेवते. मला वाटतं या एका सवयीने जितकं वाचतं तितकं कुठल्याही महागड्या लेपाने वाचत नाही.

मुंबई, अलिबाग, गोव्याकडे कुणी खाडीत किंवा समुद्राकाठी होडी सोडत असेल तर हे सगळं दुप्पट लागू. खारं पाणी आत गेलं की ते नुसतं वाळवायचं नाही. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग वाळवायचं. नाहीतर पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. आणि पावसाळ्यात कोरडी दिसणारी होडीसुद्धा आतून दमट असते, तेव्हा बॅटरी काढून घरात ठेवा.

खरंच रेंजचाच प्रश्न असेल तर

फेलसेफ लागून शिडं सुटत असतील, तर मात्र अँटेनाकडे वळा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. तिच्या चौथ्या भागाएवढं, म्हणजे टोकाचं साधारण ३१ मिलिमीटरचं उघडं तार हीच खरी अँटेना असते, मागची जाडसर वायर नव्हे. ते टोक कापलं, मुडपलं किंवा बॅटरीला चिकटून बसलं तर रेंज जाते. आणि पाणी या लहरी गिळतं. होडी कलली की डेकखाली असलेलं टोक पाण्याच्या पातळीखाली जाऊ शकतं, आणि नेमक्या झोतात सिग्नल तुटतो. म्हणून ते टोक जितकं वर नेता येईल तितकं वर न्या. अँटेना दोन असतील तर एकमेकींना काटकोनात ठेवा.

रिमोटची अँटेना होडीकडे रोखून धरू नका. टोकाच्या दिशेने ती सगळ्यात कमी सिग्नल टाकते. ती आडवी ठेवा. काठावर दहा-बारा माणसं ओळीने उभी असतात, माणसाचं शरीरही मुख्यतः पाणीच, तेव्हा घोळक्याच्या मागे राहू नका. रिमोटमध्ये रेंज तपासणीची सोय असते, ताकद कमी करून. माहितीपत्रकात सांगितलेल्या अंतरावर, बहुधा तीसेक पावलांवर, होडी पाण्यात ठेवून करा. गवतावर ठेवून केलेली तपासणी इथेही फसवते.

काही रिसीव्हर व्होल्टचा आकडा रिमोटवर परत पाठवतात. सरावात ही सोय सोन्यासारखी आहे. शर्यतीत वापरण्याआधी तुमच्या वर्गाचे नियम वाचा.

आणि सगळ्यात शेवटी जे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं ते. ताबा सुटून परत आला आणि होडी काठाला लागली, की घाईने बंद करू नका. शर्यत तशीही गेलीय. चालू ठेवूनच झाकण उघडा. काही रिसीव्हरांत वीज मध्येच जाऊन आली असेल तर दिवा लुकलुकत राहतो. बंद केलं की ती खूण पुसली जाते. विंचला बोट लावून बघा, गरम आहे का. स्विचला लावा, वायरीला लावा. जिथे चटका लागतो तिथे तुमचे व्होल्ट जळतायत. मग मोकळ्या चॅनेलमध्ये मीटर खोचा, शेजारच्याला बूम धरायला सांगा, आणि स्टिक आत ओढा.